गाडीची युनिटं कुठल्या स्लॅबमध्ये पडतात? घरच्या चार्जिंगचा खरा हिशेब



आज एकाच प्रश्नावर बोलायचं आहे. विजेवरची गाडी घरी चार्ज केली तर किलोमीटरमागे किती पैसे पडतात? शोरूममध्ये याचं उत्तर एका वाक्यात मिळतं, ‘एका रुपयात किलोमीटर जातो साहेब.’ हे वाक्य अगदीच खोटं नाही. काही शहरांत ते जवळजवळ खरं आहे. पण तेच वाक्य पुण्यातही सांगतात आणि बंगळुरातही, आणि तिथे गडबड होते. गाडी तीच, चालवणाराही तसाच, पण एका घरात किलोमीटरला रुपया पडतो आणि दुसऱ्या घरात अडीच-तीन रुपये. मीटर दोन्ही घरी बरोबर चाललेलं असतं.

आपली ही मालिका महाराष्ट्राबाहेरचीही बरीच मंडळी बघतात, म्हणून उदाहरणही तसंच घेऊ. दोन भाऊ आहेत असं धरा. थोरला पुण्यात, महावितरणचा ग्राहक. धाकटा बंगळुरात, बेस्कॉमचा ग्राहक. दोघांना एकच गाडी घ्यायची आहे. दोघांचं फिरणं महिन्याला १२०० किलोमीटर. पेट्रोल गाडीपेक्षा विजेची गाडी ३ लाखांनी महाग पडते असंही धरू. मॉडेलप्रमाणे हा फरक कमीजास्त होईल, तुमचा आकडा तुम्ही घाला. प्रश्न असा, की हे वरचे ३ लाख किती दिवसांत वसूल होणार? कर्जाचे हप्ते भरणाऱ्या घरात हाच खरा प्रश्न असतो.

आधी गाडीला किती वीज लागते ते बघू. विजेचं एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास. गाडीच्या बॅटरीचा आकडाही त्याच मापात असतो, त्यामुळे हिशेब सोपा वाटतो. नेक्सॉन ईव्ही २०२० मध्ये आली तेव्हा तिची बॅटरी ३०.२ किलोवॅट-तासांची होती आणि प्रमाणपत्रावरचा पल्ला ३१२ किलोमीटर. भागाकार केला तर युनिटला दहा किलोमीटरच्या वर. कागदावर झकास. पण हा पल्ला पुण्यात वेताळ टेकडीच्या बाजूला जी एआरएआय संस्था आहे तिच्या चाचणीतला. प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरलेल्या वेगाने गाडी चालवून तो काढतात. गाड्यांची आपसात तुलना करायला तो उपयोगी आहे, घरच्या बजेटला नाही. एसी लावून, सिग्नलला थांबत, चार माणसं बसवून चालवलं की ती गाडी साधारण दोनशे ते सव्वादोनशे किलोमीटर जाते. म्हणजे बॅटरीतल्या एका युनिटला सात किलोमीटर धरा.

आता पुढची पायरी, आणि ही बहुतेक जण गाळतात. बॅटरीत गेलेलं युनिट आणि तुमच्या मीटरवर फिरलेलं युनिट एक नाही. भिंतीतून येते ती एसी वीज, बॅटरीला लागते डीसी. हे रूपांतर गाडीतला चार्जर करतो आणि ते करताना तापतो. शिवाय चार्जिंग चालू असताना गाडीतली इतर इलेक्ट्रॉनिक्स जागी असतात, उन्हाळ्यात बॅटरी थंड ठेवणारी यंत्रणाही चालते. सगळं मिळून दहा ते पंधरा टक्के वीज वाटेत जाते. ३० युनिटांची बॅटरी रिकामीपासून पूर्ण भरायला मीटरवर ३४ युनिटं पडली तर दचकू नका. म्हणून हिशेबाला मी मीटरवरच्या एका युनिटला सहा किलोमीटर धरतो. लहान गाडीला यापेक्षा जास्त मिळतील, मोठ्या एसयूव्हीला कमी.

यात केबलचाही वाटा असतो. मीटर तळमजल्यावर एका टोकाला आणि पार्किंग दुसऱ्या टोकाला, मध्ये ६० मीटर वायर, हे आपल्याकडे नेहमीचं. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली आणि त्यातून १५ अँपिअर तासन्‌तास ओढले, तर जाऊन-येऊन १२० मीटरांत सुमारे १३ व्होल्ट वायरमध्येच पडतात. म्हणजे जवळजवळ सहा टक्के वीज वायर गरम करण्यात गेली. ४ चौरस मिलिमीटरची टाकली तर हे नुकसान साडेतीन टक्क्यांवर येतं. वायरमन सांगेल की ‘गीझर चालतो की यावर.’ गीझर वीस मिनिटं चालतो हो. गाडी आठ-दहा तास चालते. या एका बाबतीत काटकसर करू नका. स्वतंत्र एमसीबी, आरसीसीबी आणि चांगलं अर्थिंग हे तर पैशांच्या आधी जिवाचं काम आहे.

तर, १२०० भागिले सहा म्हणजे २०० युनिटं. दोन्ही भावांच्या मीटरवर गाडीमुळे महिन्याला २०० युनिटं वाढणार. इथपर्यंत पुणे काय नि बंगळूर काय, सगळं सारखं.

आता बिल हातात घ्या. बहुतेक लोक काय करतात? बिलाची एकूण रक्कम घेतात, तिला एकूण युनिटांनी भागतात, एका युनिटचा सरासरी दर काढतात आणि त्याला गाडीच्या युनिटांनी गुणतात. हिशेब सरळ दिसतो, पण स्लॅब असलेल्या राज्यात तो चुकतो. कारण गाडीची युनिटं सरासरीने येत नाहीत. ती घराच्या युनिटांच्या डोक्यावर येऊन बसतात. फ्रिज, पंखे, टीव्ही यांनी खालचे स्वस्त स्लॅब आधीच भरलेले असतात. नवा पाहुणा थेट वरच्या मजल्यावर जातो, आणि वरच्या मजल्याचं भाडं जास्त आहे.

थोरल्याचं उदाहरण आकड्यांत बघू. २०२४-२५ सालचे महावितरणचे घरगुती दर घेतो. दर बदलत राहतात, तुम्ही तुमच्या ताज्या बिलावरचे घ्या. त्या वर्षी पहिल्या १०० युनिटांना ४.७१ रुपये, १०१ ते ३०० ला १०.२९, ३०१ ते ५०० ला १४.५५ आणि पाचशेच्या वर १६.६४. हा झाला वीज आकार. त्यावर प्रत्येक युनिटला १.१७ रुपये वहन आकार. आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन आकार महिन्यागणिक वर-खाली होतो, तो मी सोडून देतो. स्थिर आकार गाडी असो-नसो भरायचाच आहे, तोही सोडतो.

थोरल्याच्या घराला महिन्याला २०० युनिटं लागतात. शुल्क धरून त्याचा सरासरी दर युनिटला १०.०६ रुपये येतो. सरासरीने हिशेब केला तर गाडीची २०० युनिटं २०१२ रुपयांना पडायला हवीत. प्रत्यक्षात काय होतं? गाडीच्या पहिल्या १०० युनिटांना, म्हणजे २०१ ते ३०० ला, वहन आकारासकट ११.४६ रुपये. पुढच्या १०० ना १५.७२. दोन्ही मिळून २७१८ रुपये, आणि १६ टक्के शुल्क धरून ३१५३. म्हणजे अंदाजापेक्षा महिन्याला अकराशे चाळीसेक रुपये जास्त. किलोमीटरला २ रुपये ६३ पैसे.

आणि ही जानेवारीची गोष्ट झाली. मे महिन्यात दोन खोल्यांत एसी चालतो आणि घराचीच ३५० युनिटं होतात. तेव्हा गाडीची युनिटं ३५१ पासून सुरू होऊन ५५० पर्यंत जातात, शेवटची पन्नास तर सगळ्यात वरच्या स्लॅबमध्ये. तीच गाडी, तेवढेच किलोमीटर, पण खर्च ३७६८ रुपये. किलोमीटरला ३ रुपये १४ पैसे. उन्हाळ्यात बिल वाढलं की घरात गाडीवर संशय घेतात. गाडीने जास्त वीज खाल्लेली नसते, एसीने तिला वर ढकललेलं असतं.

आता धाकटा. बंगळुरात २०२४-२५ मध्ये घरगुती विजेला स्लॅबच उरला नव्हता. सगळ्या युनिटांना सरसकट ५.९० रुपये, त्यावर ९ टक्के कर. एक युनिट ६.४३ ला. त्याच्या घराला २५० युनिटं लागत असोत की ४००, गाडीची २०० युनिटं १२८६ रुपयांनाच. किलोमीटरला १ रुपया ७ पैसे. शोरूमवाला इथे खरं बोलत होता.

धाकटा फोनवर म्हणेल, ‘दादा, तुझं मीटर तपासून घे एकदा.’ दादाने तक्रार केली तर माणूस येईल, मीटर तपासेल आणि बरोबर आहे असं लिहून जाईल.

म्हणून बंगळुरातली सगळी मराठी मंडळी खूश? थांबा. तिथे गृहज्योती योजना आहे. घराचा वापर दोनशे युनिटांच्या आत आणि तुमच्या जुन्या सरासरीने ठरलेल्या मर्यादेत असेल तर बिल शून्य. दोनशेच्या वर गेलात की पूर्ण बिल भरायचं. आता नवरा-बायको दोघंच राहतात, १५० युनिटं लागतात, बिल शून्य आहे. त्यांनी गाडी घेतली. वापर ३५० झाला. आता पैसे २०० युनिटांचे भरायचे नाहीत, साडेतीनशेचे भरायचे. करासकट २२५१ रुपये, वर स्थिर आकार परत आला तो वेगळा. काल शून्य होतं ते आज साडेबावीसशे, आणि हा सगळा फरक गाडीमुळेच झाला. गाडीचं एक युनिट सव्वाअकरा रुपयांना पडलं. किलोमीटरला १ रुपया ८८ पैसे. स्लॅब नसलेल्या शहरातही पायरी आहे, फक्त ती बिलावर छापलेली नाही.

इंदूरच्या मंडळींनीही हे बघायला हवं. मध्य प्रदेशात दीडशे युनिटांच्या आत वापर असेल तर पहिल्या शंभर युनिटांना शंभर रुपये अशी सवलत आहे. गाडी दारात आली की दीडशेची मर्यादा सहज ओलांडली जाते.

दिल्लीचं उदाहरण तर फार बोलकं आहे. तिथे दोनशे युनिटांपर्यंत बिल शून्य, २०१ ते ४०० पर्यंत निम्मी सवलत, जास्तीत जास्त ८०० रुपये. चारशेच्या वर काही नाही. दर असे: पहिल्या २०० ला ३ रुपये, पुढच्या २०० ला साडेचार, चारशेच्या पुढे साडेसहा. आता ज्या घराला ३५० युनिटं लागतात तिथे गाडीची २०० मिळवा, ५५० झाली. वीज आकार १२७५ वरून २४७५ वर गेला, म्हणजे १२०० ने वाढला. आणि ८०० पर्यंतची सवलत गेली. गाडीचा खरा खर्च २००० च्या घरात. अधिभार दोन्हीकडे आहेत, ते बाजूला ठेवू.

पण दिल्लीत चार्जिंगसाठी वेगळं मीटर घेता येतं आणि त्याचा दर साडेचार रुपये आहे. तीच २०० युनिटं ९०० रुपयांत. घराचं मीटर ३५० वरच राहिलं, सवलतही शाबूत. फक्त मीटर वेगळं केल्याने महिन्याला अकराशे रुपये वाचले. दिल्लीत गाडी घेणाऱ्याने रंग ठरवण्याआधी हे ठरवावं.

वेगळ्या मीटरचा हक्क देशभर आहे. ग्राहक हक्कांच्या केंद्रीय नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली आणि चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याची सोय आली. घरच्या चालू जोडणीवर चार्ज करायलाही परवानगी आहेच, २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत ते स्पष्ट आहे. तेव्हा ‘घरी चार्ज करणं बेकायदा आहे’ असं कुणी सांगितलं तर त्याच्याकडे दुर्लक्ष करा. पण वेगळं मीटर प्रत्येकाला फायद्याचं नाही. त्याचा स्थिर आकार वेगळा, केबल वेगळी, अनामत वेगळी. धाकट्याच्या सरसकट दरात त्यातून फार वाचणार नाही. थोरल्याचं मात्र वाचू शकतं, कारण महाराष्ट्रात चार्जिंगची वर्गवारी घरगुतीच्या वरच्या स्लॅबपेक्षा स्वस्त असते. मुंबईत तर बेस्ट, अदानी, टाटा आणि महावितरण असे चौघांचे चार दर आहेत. तिथे शेजारच्या उपनगरातल्या मित्राचा आकडासुद्धा उसना घेऊ नका.

आता मूळ प्रश्नाकडे. ३ लाख कधी वसूल होणार? पेट्रोल सोयीसाठी लिटरला १०० रुपये धरू आणि गाडी १५ किलोमीटर देते असं धरू. १२०० किलोमीटरला ८० लिटर, ८००० रुपये. थोरल्याने सरासरीचा हिशेब केला असता तर महिन्याची बचत ५९८८, म्हणजे ५० महिने. खरा हिशेब ४८४७, म्हणजे ६२ महिने. एक वर्ष लांबलं. धाकट्याला ४५ महिने.

पण थोरला जर महिन्याला ६०० किलोमीटरच फिरत असेल तर? गाडीची १०० युनिटं, सगळी दुसऱ्या स्लॅबमध्ये, शुल्कासकट १३२९ रुपये. किलोमीटरचा खर्च कमी झाला, २ रुपये २२ पैसे. छान. पण पेट्रोलही चार हजारांचंच लागत होतं. बचत २६७१. तीन लाखांना ११२ महिने लागतील, नऊ वर्षांच्या वर. बॅटरीची वॉरंटी बऱ्याच गाड्यांना आठ वर्षांची असते. माझं मत विचाराल तर इतकं कमी फिरणाऱ्याने पैसे वाचवायला म्हणून विजेची गाडी घेऊ नये. शांत चालते, धूर नाही, क्लच दाबायचा नाही, या कारणांसाठी जरूर घ्यावी. पण मग कारण तेच आहे असं घरात सांगावं. आणि ज्याच्याकडे आज सीएनजी आहे आणि किलोमीटर साडेतीन रुपयांच्या आसपास पडतो, त्या पुणेकराने मे महिन्यातला ३ रुपये १४ पैशांचा आकडा पुन्हा एकदा बघावा.

वायरिंगचा खर्चही यात घालायचा. समजा केबल, पाइप, सॉकेट, मजुरी मिळून २५ हजार लागले. पाच वर्षांत ७२ हजार किलोमीटर होतात, म्हणजे किलोमीटरला ३५ पैसे. महिन्याला सहाशेच फिरलात तर ७० पैसे. ७ किलोवॅटचा वॉलबॉक्स हवाच, असा विक्रेत्याचा आग्रह असतो. रोज चाळीस-पन्नास किलोमीटर फिरणाऱ्याला तो लागत नाही. पंधरा अँपिअरच्या साध्या पॉइंटमधून तासाला सुमारे तीन युनिटं मिळतात, रात्रीच्या आठ तासांत चोवीस. पन्नास किलोमीटरला लागतात आठ-नऊ. वॉलबॉक्ससाठी मंजूर भार वाढवावा लागला, तर ज्या राज्यात स्थिर आकार किलोवॅटवर असतो तिथे तो दरमहा वाढतो, कर्नाटकात तसंच आहे.

रात्री वीज स्वस्त, हे आपल्या डोक्यात बसलेलं आहे, तेही एकदा तपासा. २०२३ मध्ये केंद्राने दिवसाच्या वेळेनुसार दर आणण्याचे नियम केले, आणि त्यात स्वस्त तास आहेत ते उन्हाचे, कारण सौर वीज तेव्हा भरपूर असते. महाग असते ती संध्याकाळची गर्दीची वेळ. हे लागू व्हायला स्मार्ट मीटर लागतं आणि राज्याराज्यांत वेग वेगळा आहे. तुमच्याकडे लागू झालं असेल तर ऑफिसातून आल्या आल्या सात वाजता प्लग लावणं सगळ्यात महागात पडेल. बहुतेक गाड्यांत चार्जिंगची वेळ लावता येते, ती लावा. जे घरून काम करतात किंवा ज्यांची गाडी दुपारी घरी असते, त्यांनी दुपारी लावावी.

छतावर सौर असेल तर काय? तीन किलोवॅटचं पॅनेल महिन्याला साधारण साडेतीनशे युनिटं देतं. पंतप्रधान सूर्यघर योजनेत त्याला ७८ हजारांचं अनुदान आहे. थोरल्याच्या घर-गाडीच्या ४०० युनिटांतली साडेतीनशे वजा झाली, की जातात ती वरची, सगळ्यात महाग युनिटं. म्हणून महाराष्ट्रात गाडी आणि सौर ही जोडी जमते. बंगळुरात तेच पॅनेल सहा-साडेसहा रुपयांचंच युनिट वाचवतं, तिथे वसुलीला जास्त वर्षं लागतील. फक्त ‘सूर्य फुकट, गाडी फुकट’ असं म्हणू नका. पॅनेलला पैसे पडलेत, आणि नेट मीटरिंगचे नियम बदलत असतात, ते सही करण्याआधी वाचा.

शेवटी सोसायटीवाल्यांसाठी, कारण भांडणं तिथेच होतात. पुष्कळ ठिकाणी सोसायटीच्या सामाईक मीटरवरून चार्जिंग देतात आणि सब-मीटर लावून पैसे घेतात. किती घेतात? अनेकदा कुणाच्या तरी घरच्या बिलाचा सरासरी दर. पण लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांमुळे ते मीटर पाचशेच्या वर आधीच गेलेलं असतं. महावितरणच्या त्याच २०२४-२५ च्या दराने गाडीचं प्रत्येक युनिट वहन आकार आणि शुल्क धरून २० रुपये ६६ पैशांना पडतं. सोसायटीने दहा रुपये लावले, तर उरलेले साडेदहा-अकरा रुपये वरच्या मजल्यावरच्या आजी भरतात, ज्यांच्याकडे सायकलसुद्धा नाही. आणि वीस रुपये लावले, तर गाडीवाल्याला किलोमीटर ३ रुपये ३३ पैशांना पडतो आणि तो कमिटीवर चिडतो. दोघांचंही बरोबर आहे. पार्किंगसाठी चार्जिंगच्या वर्गवारीत एक स्वतंत्र जोडणी घ्यायची आणि त्याखाली प्रत्येकाचं सब-मीटर, हा मार्ग कमिटीने पहिली गाडी येण्याआधी तपासावा. पाचवी गाडी आली की तीच सभा जास्त आवाजात होते.

ज्यांच्याकडे गाडी आधीच आहे त्यांनी एक सब-मीटर आणून चार्जिंगच्या लाइनवर बसवा. महिन्याच्या पहिल्या तारखेला सब-मीटरचं रीडिंग आणि गाडीचे किलोमीटर लिहा, पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला पुन्हा लिहा, बॅटरी दोन्ही वेळा साधारण तेवढीच भरलेली असू द्या. किलोमीटरला युनिटांनी भागा. माझ्या सहाच्या जागी तुमचा आकडा येईल. तो घेऊन बिलाच्या मागच्या बाजूला बसा, जिथे स्लॅब छापलेले असतात.